बिननावाचा डबा

माझा धाकटा भाऊ तोंड झाकून गातो. यात लाजण्यासारखं काही नाही, तो त्याचा धंदाच आहे. दुबलगुंडीच्या आमच्या घरातली जुनी काळी घोंगडी डोक्यावरून घ्यायची, नाकाच्या खालपर्यंत ओढायची आणि अंधाऱ्या स्टेजवर माइकपुढे उभं राहायचं. बेंगळुरू-हैदराबादकडची पोरं त्यावर जीव टाकतात. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, फोटोचा तर प्रश्नच नाही. तो कोण आहे हे कुणाला ठाऊक नाही, हीच त्याची ओळख. त्याला तो ‘इमेज’ म्हणतो.

गाणी कशी आहेत म्हणाल, तर पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं माझा फोन बिघडला. तबला नाही, पेटी नाही. गुलबर्ग्याच्या डाळमिलची घरघर, शेतातल्या पंपाचा आवाज, आईच्या भाकरी थापण्याची थाप, आणि त्यावर हा खालच्या आवाजात अर्धं मराठी, अर्धं कानडी, मध्येच एखादी दखनी ओळ म्हणत जातो. याला अल्टरनेटिव्ह म्हणतात असं त्याने मला समजावलं. कशाला अल्टरनेटिव्ह, ते विचारायचा मी धीर केला नाही. पण दोन-चारदा ऐकल्यावर त्यातलं एक गाणं माझ्या मानगुटीवर बसलं, ते आजही उतरलेलं नाही.

बेंगळुरूची कंप्युटरची चांगली नोकरी सोडून तो घरी आला आणि धान्याच्या खोलीला आतून गाद्या ठोकून त्याने स्टुडिओ केला. आमचे अप्पा संतपूरच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. अर्धा तालुका त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठा झालाय, त्यामुळे बाजारात गेलं की पावलागणिक कुणीतरी वाकतं आणि विचारतं, “सर, पोरगं काय करायलंय?” अप्पा म्हणायचे, “कंप्युटरवर असतंय. घरूनच.” खोटंही नव्हतं, खोलीत कंप्युटर होताच. त्या खोलीत अप्पा कधी पाऊल टाकत नसत, आणि आत काय चालतं ते भाऊ कधी सांगत नसे. दोघं जेवताना पावसावर बोलायचे. पाऊस नसला तर पाऊस नाही यावर.

स्पष्टच सांगते, ती घोंगडी अर्धी कलेसाठी होती आणि अर्धी अप्पांसाठी. याचं तोंड झाकलं की अप्पांचं तोंड आपोआप वाचत होतं. भावाला ते कळत होतं आणि सलतही होतं. एकदा मला म्हणाला, “अक्का, अप्पांनी एकदा तरी कुणाला तरी सांगावं, माझा पोरगा गातो म्हणून.” आणि लगेच पुढे, “पण न्हाई सांगितलं तेच बरं म्हण. इमेज जाईल.” आमच्या घरातली माणसं दुःखसुद्धा धड एका बाजूने करत नाहीत.

तर याचा पहिला अल्बम तयार झाला आणि कव्हर कोण करणार, तर अक्का. मी गुलबर्ग्याला एका हायस्कुलात चित्रकला शिकवते आणि फावल्या वेळात ओळखीच्यांच्या लग्नपत्रिका करून देते. आमच्याकडच्या पत्रिकेत वर गणपती, खाली कुलदैवत, मग वारलेले, मग हयात असलेले, मग मामा मंडळी, आणि उरलेल्या बोटभर जागेत ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सगळी बाळगोपाळ. कागद मोकळा दिसला की माझा हात शिवशिवतो. अशा बाईकडे हा माणूस कव्हर मागायला आला.

मी मन लावून चित्र काढलं. तिन्हीसांजेचं ज्वारीचं रान, वर चंद्र, घरी परतणारे पक्षी आणि मध्ये पाठमोरा घोंगडीवाला. त्याने बराच वेळ बघितलं.

“अक्का, पक्षी कशाला?”

“बरे दिसतात.”

पक्षी गेले. मग चंद्र फार बोलतो म्हणाला, चंद्र गेला. मग ज्वारी गेली. ज्वारी गेल्यावर तो माणूस हवेत उभा दिसायला लागला, म्हणून माणूस गेला. शेवटी माझ्या हातात कोरा कागद राहिला आणि हा म्हणतो, “आता जमायलंय.” शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथे मीच उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याला साक्षात्कार झाला. आईने चटणीचा चपटा स्टीलचा डबा पुढे सरकवला, झाकण घासून लख्ख केलेलं, आणि त्यात याला स्वतःचं तोंड दिसलं. घास तसाच हातात धरून म्हणाला, “अक्का, सीडी बरोबर बसते यात.”

“सीडी ऐकतं कोण आता?”

“कुणीच न्हाई. गाणी सगळे फोनवर ऐकतात. ही नुसती घरात ठेवायची असते.”

“मग आत काही नसलं तरी चालेल की.”

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. “चालेल,” म्हणाला.

मग त्याने कल्पना सांगितली. गुळगुळीत स्टीलचा डबा. वर अक्षर नाही, चित्र नाही, काही नाही. जो हातात घेईल त्याला झाकणात गाणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, त्याचं स्वतःचं दिसेल. गाणाऱ्याला चेहरा नाही, तर डब्यालाही नाही. मी भाकरी मोडता मोडता थांबले. चित्रकलेची बाई असून हे मला सुचलं नाही याचा राग आला, आणि पोरगं हुशार आहे याचा आनंदही झाला. राग जास्त होता.

हुमनाबादच्या भांड्याच्या दुकानात डबे सांगितले. भाऊ गाण्यांवर शेवटचा हात फिरवायला बेंगळुरूला गेला. रविवारी मी गुलबर्ग्याहून जाऊन डबे आणायचे असं ठरलं होतं, पण शाळेत चित्रकलेच्या परीक्षा लागल्या आणि मी अडकले. म्हणून अप्पांना फोन केला, म्हटलं हुमनाबादला जाऊन तेवढे डबे घेऊन या.

“कसले डबे?”

या घरात तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात होता. मीही एकदाचं सांगून टाकलं. “त्याच्या गाण्यांची सीडी ठेवायला. अल्बम निघायलाय त्याचा.”

दुकानाचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग अप्पा “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे दुकानातून भांडं बिननावाचं बाहेर पडत नाही. वाटी घ्या की हंडा घ्या, कागदात गुंडाळण्याआधी दुकानदार विचारणारच, “नाव काय घालायचं?” कोपऱ्यात एक माणूस मशीन घेऊन बसलेला असतो, तो टर्रर्र करत टिंबाटिंबांनी नाव कोरतो. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त. आमच्या मांडणीवर एका लग्नाचं तांब्याभांडं आहे. ते लग्न केव्हाच मोडलं, दोघांची दुसरी लग्नं होऊन पोरं शाळेत जातात, पण भांड्यावर दोघं अजून शेजारी शेजारी नांदतात. या मुलखात वाढूनही मला फोनवर ‘नाव घालू नका’ एवढं म्हणायचं सुचलं नाही. कुणाला सुचणार? भात शिजवताना पाणी घाला असं का कुणी सांगतं?

संध्याकाळी आईचा फोन आला. “तुझे अप्पा लई खूष हायत बघ. दुपारधरून दुकानातच उभे होते. आत्ता येऊन जेवायलेत.” दुपारभर उभे होते म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकली.

भाऊ आला त्या दिवशी मीही रजा टाकून दुबलगुंडीला गेले. अप्पांनी पोती स्वतः उघडली. एक डबा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि भावाच्या हातात दिला. झाकणावर कडेने गोल मजकूर होता. नावं मी इथे गाळते, भावाला तेवढं पुरे झालंय. ‘कै. अमुक यांचे नातू व श्री. अमुक, निवृत्त मुख्याध्यापक, यांचे चिरंजीव अमुक यांच्या प्रथम गीतसंग्रहानिमित्त सप्रेम भेट. मु. पो. दुबलगुंडी, ता. हुमनाबाद, जि. बीदर.’ त्याच्या आत दुसऱ्या गोलात तेच सगळं कानडीतून. आणि मध्ये थोडी जागा उरली म्हणून मशीनवाल्याने आपणहून एक कमळ काढून दिलं होतं. चेहरा दिसायला जागाच नव्हती. अगदी वाकून बघितलं तर कमळाच्या एका पाकळीत नाकाचं टोक दिसायचं.

“एकेक मी सोता वाचून घेतलंय,” अप्पा म्हणाले. “एक चूक न्हाई.”

घोंगडी न घेताच भावाचा चेहरा दिसेनासा झाला. “वा,” एवढंच म्हणाला आणि खोलीत गेला. मी मागोमाग गेले. गाद्या ठोकलेल्या त्या खोलीचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला, कारण आम्ही दोघं आत मनसोक्त भांडलो आणि बाहेर काही ऐकू गेलं नाही.

“अक्का, तू अप्पांना कामून सांगितलीस?”

“मग डबे काय पायांनी चालत येणार होते?”

“बिनचेहऱ्याचा गायक म्हणे! ता. हुमनाबाद, जि. बीदर! पिनकोड तेवढा राहिला!”

पिनकोड आतल्या कानडी गोलात होता. मी ते त्याला सांगितलं नाही.

मग खटाटोप सुरू झाले. पॉलिशपेपरने घासून बघितलं, तर नाव तसंच राहिलं आणि झाकण तेवढं म्हशीने शिंग घासल्यासारखं झालं. चिंच लावली, राख लावली, तर कमळ जास्तच उठून दिसायला लागलं. दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, “नाव घातलेलं भांडं परत घेत न्हाईत मालक. आन् सरांनी सोता तपासलंय की!” अल्बम जाहीर करायचा गुलबर्ग्याचा कार्यक्रम शनिवारवर आला होता, तेवढ्यात दुसरे डबे मिळणं शक्य नव्हतं.

इकडे अप्पा कौतुकाची वाट बघत होते. त्यांनी एक डबा शोकेसमध्ये, त्यांच्या सत्काराच्या मानचिन्हाशेजारी, दाराकडे तोंड करून ठेवला होता. एका डब्यात आईने शेंगाची चटणी भरून शेजारी पाठवलीसुद्धा होती. म्हणजे अल्बमची पहिली प्रत चटणीसकट बाहेर पडली. माझ्यासमोर अप्पांचा एक जुना विद्यार्थी आला, त्याने शोकेसमधलं झाकण वाचलं, आणि अप्पा शांतपणे म्हणाले, “व्हय. गाणी म्हणतंय आमचं पोरगं.”

तो गेल्यावर मी अप्पांजवळ बसले. म्हटलं, “अप्पा, तुम्हाला तर ते गाणं-बिणं आवडत नव्हतं.”

“आवडत न्हाईच. समजत बी न्हाई.” मग म्हणाले, “तुझ्या आईच्या फोनवर शेजारच्या पोरीकडनं लावून घेतलो. समदी ऐकलो. तिसऱ्या गाण्यात आपला पंप हाय. बेअरिंग गेलंय त्याचं.”

“मग नाव कामून घातलात?”

“पंगतीत बिननावाचं भांडं गेलं की परत येतं व्हय? कुणाचं बी होऊन जातंय. आन् किती दिवस कंप्युटर म्हणू गं लोकांना? लेकरू काय चोरी करायलंय का?”

मला भरून आलं. मी हे जसंच्या तसं भावाला जाऊन सांगितलं. तो घोंगडी मांडीवर घेऊन तिच्या दशा कुरवाळत बसला. मला वाटलं, झालं, पोरगं विरघळलं. तेवढ्यात मान वर करून म्हणाला, “पण अक्का, शनिवारी बेंगळुरूचे लोक यायलेत. इमेज...”

त्याच्या इमेजवर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. इतकी वर्षं बापाने तुझं नाव घ्यावं म्हणून झुरलास, आणि आता त्याने घेतलं तर तूच त्याचं नाव झाकायला निघालास, हा त्यातला सभ्य भाग. तो रडकुंडीला आला, आणि तो रडकुंडीला आला की मी लहानपणापासून हरते. शेवटी मीच काळ्या जाड कागदाच्या गोल चकत्या कापल्या आणि प्रत्येक झाकणावर गोंदाने चिकटवल्या. नावं, गाव, तालुका, कमळ सगळं काळ्याखाली गेलं. दिसत झकास होतं, ते नाकारत नाही. अप्पांना आम्ही काही सांगितलं नाही. कार्यक्रमाचंही नाही.

शनिवारी गुलबर्ग्यात कॉलेजचा हॉल भरला. कानात डूल घातलेली पोरं, केस कापलेल्या पोरी, सगळी काळ्या कपड्यांत. मी बाहेर टेबलावर काळे डबे मांडून बसले होते. आत गाणं सुरू झालं आणि जिन्यावरून अप्पा आले. इस्त्रीचं धोतर, सत्कारातली शाल, हातात पिशवी. कुणा विद्यार्थ्याने फोनवर जाहिरात दाखवली होती, तिच्यावरची घरची घोंगडी ओळखून बस पकडून आले होते. आम्ही का बोलावलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. शेजारची खुर्ची ओढून बसले.

मग त्यांचं लक्ष डब्यांकडे गेलं. एक उचलला, झाकणावरून बोट फिरवलं. चकतीची कड बोटाला लागली. त्यांना कळलं, ते मला दिसलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. अप्पांनी डबा जागेवर ठेवला. काही चकत्यांच्या कडा उचलल्या होत्या, त्या एकेक करून अंगठ्याने दाबायला लागले.

“गोंद कमी लावलीस,” म्हणाले.

मीही शेजारची चकती दाबायला लागले. आतून आईच्या भाकरीची थाप ऐकू येत होती.

कार्यक्रम संपला, टेबलाभोवती झुंबड उडाली. उदगीरहून आलेली एक मुलगी अप्पांची शाल बघून म्हणाली, “काका, तुम्ही त्यांचे कोण?”

“मी? मी डबेवाला. हुमनाबादहून डबे आणून दिलो.”

तिने डबा घेतला आणि स्टीलच्या वस्तूवर काही चिकटवलेलं दिसलं की आपली माणसं जे करतात तेच केलं, नखाने कड खरवडली. चकती अलगद निघाली. तिने झाकण दिव्याकडे धरून पहिल्या कै.पासून जि. बीदरपर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचलं. आजूबाजूचे सगळे वळून बघायला लागले.

“हे कुणाचं नाव आहे?”

अप्पा उठून उभे राहिले. “दुकानदाराची चूक असंल. दुसऱ्या कुणाचे तरी डबे आलेत.”

जन्मभर पोरांना ‘खरं बोल’ म्हणून उभं करणारा माणूस भरल्या लोकांत खोटं बोलत होता. स्वतःचं नाव नाकारत होता, बापाचं नाकारत होता, कशासाठी, तर पोराची इमेज जाऊ नये म्हणून. भावाला जाऊन दोन ठेवून द्याव्यात म्हणून मी वळले, तर तो मागेच उभा होता. घोंगडी नाकापर्यंत. कार्यक्रमानंतर लोकांत येऊन मुकाट उभं राहायची त्याची पद्धत होती. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो पुढे आला. सरळ अप्पांच्या पाया पडायला वाकला. पण घोंगडीतून समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे डोकं आधी टेबलावर आदळलं, घडीच्या टेबलाचा पाय मिटला आणि सगळे डबे खाली गेले. आमच्याकडे जेवणावळीत भांड्यांचं पिंप उलटलं तरी एवढा आवाज होत नाही. झाकणं सुटून हॉलभर घरंगळली, गोंद कमी पडलेल्या चकत्या गळून पडल्या, आणि काळ्या कपड्यांतली ती सगळी मंडळी झाकणं गोळा करत, ती फिरवत, मराठीतून आणि कानडीतून आमचं खानदान वाचायला लागली.

“लागलं का रं?” अप्पा खाली बसून विचारत होते.

टेबलाखालून, घोंगडीतून आवाज आला. “चूक न्हाई ती. नाव माझंच हाय. वरचं अप्पांचं, त्याच्या वरचं आज्जांचं. हे माझे अप्पा हायत.”

अप्पा रडले. लपवूनछपवून नाही, शालीचं टोक तोंडाला लावून सगळ्यांदेखत रडले. मीही रडले. घोंगडीच्या आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण घोंगडी हलत होती.

थोड्या वेळाने टेबल उभं केलं. आता ज्याला त्याला चकती काढलेलाच डबा हवा होता. अप्पा खुर्चीवर बसून एकेक डबा शालीने पुसून हातात देत होते आणि देताना, कुणी विचारो न विचारो, “माझ्या पोराची गाणी हायत,” म्हणत होते. उदगीरची मुलगी अजून तिथेच होती. हसून म्हणाली, “काका, मघाशी तर म्हणालात, मी डबेवाला!”

“मंग?” अप्पा म्हणाले. “पोराचे डबे इकायलोय. डबेवालाच की.”